दुसरा आलेला घोडा

दत्तप्रसादला संपादक व्हायचं होतं. कशाचा, हा मुद्दा त्याच्या दृष्टीने गौण होता.

कुवेतमधल्या मिरकाब भागातल्या एका बांधकाम कंपनीत तो कागदपत्रं सांभाळायचा. इंजिनिअरांनी चुका करून ठेवलेल्या नकाशांवर नंबर टाकायचे, शिक्के मारायचे आणि त्या चुका कपाटात कायमच्या जपून ठेवायच्या, असं ते काम. नऊ वर्षं ते केल्यावर त्याची अशी समजूत झाली होती की आपल्याला इतिहासाची दृष्टी आहे. शिवाय त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप व्हायचं. २००१ साली कुवेतमध्ये ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त मोलाची होती.

आडबंदर-पैलबंदर रहिवासी मंडळाला पुढच्या वर्षी दहा वर्षं पुरी होणार होती. आडबंदर आणि पैलबंदर ही रायगडच्या किनाऱ्यावरची दोन गावं, मध्ये एक खाडी. गावी असताना या काठावरचा माणूस त्या काठावरच्याला होडीतसुद्धा शेजारी बसू देत नसे. कुवेतला आल्यावर दोघं एका खोलीत, एका बाथरूमवर राहू लागले आणि त्यातून मंडळ निघालं. अध्यक्ष शैलेशशेठ. ते एसीच्या डक्टची कंत्राटं घेत आणि कुठल्याही सभेत हवा आपल्या बाजूने वळवून घेत. शेजारच्या तालुक्याच्या मंडळाने गुळगुळीत कागदावर आपल्या देवस्थानाचा इतिहास छापून आणला, तेव्हा शैलेशशेठना आपल्याला इतिहास नसल्याची पहिल्यांदा जाणीव झाली. तीन सभा झाल्या. पहिल्या दोन सभांत जेवणाचा बेत ठरला. तिसरीत कुणाला तरी घोडागाडीच्या शर्यती आठवल्या.

त्या शर्यती मात्र खरोखरच झालेल्या होत्या. तिशीच्या दशकापासून बहात्तर सालापर्यंत दर हिवाळ्यात, ओहोटीला पुळणीवरची वाळू टणक झाली की दोन्ही गावांच्या गाड्या पळत. एका घोड्याची, दोन चाकांची हलकी गाडी, वर एक हाकणारा. नियम एकच, पण कडक. घोड्याने दुडकी चालीनेच पळायचं. तो चौखूर उधळला तर लगाम खेचून गाडी एकदा गोल फिरवायची आणि मगच पुढे जायचं. न फिरवता पुढे गेला तो बाद. शर्यतीसाठी आडबंदरचं एक मंडळ होतं, पैलबंदरचं दुसरं. मग गावातली माणसं आखाताकडे निघाली, घोडे विकले गेले, उरलेल्या गाड्यांची चाकं परसात सडली.

संपादक म्हणून दत्तप्रसादचं नाव एकमताने मंजूर झालं, कारण दुसऱ्या कुणाला टाइप करता येत नव्हतं. त्याने सालमियातल्या घरी टेबलाला नवं ऑइलक्लॉथ लावलं, बायकोला, म्हणजे सुचित्राला, फोनवर हळू बोलायला सांगितलं आणि सगळ्या घरांकडून माहिती मागवली.

एकोणीस घरांनी माहिती दिली. एकोणीस आजोबा आणि एकोणीस घोडे, आणि सगळेच्या सगळे पहिले. एका आजोबांनी तर अठ्ठेचाळीस साली शर्यत जिंकली होती. त्यांच्याच नातवाने दुसऱ्या कागदावर त्यांच्या निधनाचं साल पंचेचाळीस दिलं होतं. दत्तप्रसादने त्या कागदांची चळत पुढ्यात घेतली आणि तो चक्रावला. जिथे सगळेच पहिले येतात तिला शर्यत म्हणत नाहीत, वरात म्हणतात. इतिहास खरा वाटायचा तर कुणीतरी दुसरं यायला हवं होतं. त्याने एकेकाला फोन करून नाजूकपणे विचारलं, तुमच्या आजोबांचा कधी चुकून दुसरा नंबर? लोकांना तो घराण्याचा अपमान वाटला. एकाने आपल्याऐवजी शेजाऱ्याचा घोडा दुसरा आला होता असं सांगितलं. शेजाऱ्याला ते कळलं आणि त्याने मंडळ सोडायची धमकी दिली. अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा आलेला घोडा सापडेना.

अशात एका शुक्रवारी इद्रीसभाईंचा फोन आला. हे मंडळाचे उपाध्यक्ष, पैलबंदरचे. सालमियात त्यांचं कार्गोचं दुकान होतं. गावी खोकी पाठवणारी माणसं तिथे यायची, आणि भिंतीवर मंडळाची सूचना लावलेली होती. एखाद्याने खुनाची कबुली दिल्यासारख्या दबल्या आवाजात इद्रीसभाईंनी सांगितलं की एक म्हातारा आलाय आणि तो म्हणतोय की मी चार वेळा दुसरा आलो.

म्हाताऱ्याचं नाव कासम. शहराबाहेर एका श्रीमंताच्या तबेल्यात तो घोड्यांचा साज शिवायचा: लगाम, पट्टे, खोगिरं. शहात्तर सालापासून तिथेच. मंडळात तो कधी आला नव्हता, कारण त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

दत्तप्रसाद टॅक्सी करून तिथे गेला. घोड्यांच्या कोठ्यांना एसी होता. त्याच्या कंपनीच्या लेबर कॅम्पलाही होता, पण इथला दर आठवड्याला तपासायला माणूस येई. कासमचाचा एका पडवीत चामड्याचा पट्टा गुडघ्यांत धरून दोन सुयांनी शिवत बसला होता. त्याने हातातला टाका पुरा केला आणि मग वर पाहिलं. दत्तप्रसादने आपण इतिहास लिहीत असल्याचं सांगितलं. म्हाताऱ्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. तो आत गेला आणि जुन्या खोगिराच्या चामड्यात गुंडाळलेली एक वही घेऊन आला.

वही त्याच्या वडिलांची. दोन्ही मंडळांनी मिळून त्यांना घड्याळ धरायला बसवलं होतं, आणि त्यांनी एकोणीसशे चौतीसपासून मरेपर्यंत, आणि त्यांच्यामागे कासमने शेवटच्या शर्यतीपर्यंत, प्रत्येक धावेची नोंद ठेवली होती. तारीख, ओहोटीची वेळ, घोडा, हाकणारा, मिनिटं, सेकंद, शेरा. गावी पावसात आणि वाळवीत कागद टिकत नाही म्हणून कासमने ती कुवेतला आणली होती. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि सगळे जीव घेऊन वाळवंटातून अम्मानला पळाले, तेव्हा लोकांनी दागिने नेले, एकाने तर व्हीसीआर नेला. कासमने वही नेली आणि परत येताना परत आणली. यात आपण काही विशेष केलं असं त्याला वाटत नव्हतं. शैलेशशेठ त्याच प्रवासाची हकीकत दर वर्धापनदिनी सांगत, आणि तिच्यातली वाळूची वादळं दर वर्षी एकाने वाढत.

वहीत पहिला, दुसरा, तिसरा, सगळे होते. कासमचाचा खरोखरच चार वेळा दुसरा होता. दत्तप्रसादला इतका आनंद झाला की त्याने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. वही आठ दिवस मागून घेतली. कासमने दिली, फक्त एकच गोष्ट सांगितली.

“जसं हाय तसं लिवा. माझा दुसरा नंबर काढू नका. कमवलेला हाय तो.”

घरी येऊन दत्तप्रसाद वाचायला बसला. शैलेशशेठ ज्याच्या नावाने कॉलर ताठ करत, तो त्यांच्या आजोबांचा ‘राजा’ नावाचा घोडा वहीत वारंवार भेटत होता आणि त्याच्यापुढे एकच शेरा होता: चौखूर, बाद. चौखूर, बाद. एकदा तर: चौखूर, समुद्रात. दत्तप्रसादला मोठी मौज वाटली. त्याने सुचित्राला बोलावून तो शेरा वाचून दाखवला. दाताच्या दवाखान्यातली दिवसभराची पाळी करून ती नुकतीच आली होती, तरी हसली. दुसऱ्याच्या आजोबांचा इतिहास वाचताना माणसाला सत्याबद्दल फार प्रेम वाटतं.

मग छप्पन साल आलं.

नोंद अशी होती: ‘२ डिसेंबर १९५६. ओहोटी सकाळी. पहिली गाडी पैलबंदर, घोडी चांदणी. हाकणारी रुकय्या, भाऊ तापाने आजारी म्हणून. सहा मिनिटे दहा सेकंद. दुसरी गाडी आडबंदर, घोडा राजा. दोनदा चौखूर, गोल न फिरवता पुढे. नियमाने बाद. पंच दीनानाथ यांनी राजाला पहिला दिला. बाईची गाडी धरता येत नाही म्हणाले. नियमात तसे कुठेही नाही. मी घड्याळ त्यांना दाखवले. त्यांनी पाहिले नाही.’

पंच दीनानाथ हे दत्तप्रसादचे आजोबा.

गावच्या घरात त्यांचा फोटो होता. त्यांच्या न्यायबुद्धीच्या गोष्टी ऐकत तो लहानाचा मोठा झाला होता. इतकंच नव्हे, तर त्याने पुस्तकाचं ‘निःस्पृह पंच’ नावाचं चार पानी प्रकरण आधीच टाइप करून ठेवलं होतं आणि त्यात ‘तराजूचा काटा हलेल, पण दीनानाथ हलणार नाहीत’ असं एक वाक्य होतं, जे त्याला स्वतःला फार आवडायचं. त्याने ती नोंद पुन्हा वाचली. मग वही मिटली. सुचित्राने पुढे काय झालं असं विचारलं, तर म्हणाला, अक्षर लागत नाही.

दोन दिवस तो अस्वस्थ होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी तो शैलेशशेठच्या ऑफिसात गेला आणि एखाद्या परक्या गावाची गोष्ट सांगावी तसं आडून आडून सगळं सांगितलं. शैलेशशेठनी शांतपणे ऐकलं. इतिहास हा माणसं जोडण्यासाठी असतो, तोडण्यासाठी नव्हे, असं त्यांचं मत पडलं. अडतीस वर्षांतलं एक वर्ष म्हणजे काय मोठंसं. त्या वर्षी भरती आली असेल.

भरतीची कल्पना शैलेशशेठची. तिला मराठी दत्तप्रसादने दिलं. ‘सन १९५६ मध्ये समुद्रास आलेल्या अकाली उधाणामुळे शर्यत होऊ शकली नाही.’ टाइप करून झाल्यावर त्याने वाक्य मोठ्याने वाचलं. चांगलं झालं होतं. वाक्य चांगलं झालं की दत्तप्रसादच्या मनाची निम्मी टोचणी आपोआप जात असे.

पुढचं सोपं होतं. एकदा समुद्र मदतीला घेतल्यावर बाकीचं मंडळाने केलं. शैलेशशेठच्या दिवाणखान्यात बिर्याणी आणि सोलकढीच्या साक्षीने विजेत्यांची यादी ठरली. प्रत्येक घराला किमान एक साल. ज्यांनी जाहिरात दिली होती त्यांना दोन. अठ्ठेचाळीस सालावर दोन घरांनी हक्क सांगितला तेव्हा मतदान घेण्यात आलं आणि मेलेले आजोबा सहा विरुद्ध पाच मतांनी जिंकले. दुसऱ्या क्रमांकाचा रकाना काढून टाकावा, त्याने जागा वाचेल, अशी सूचना आली. दत्तप्रसादला कासमचाचाचे शब्द आठवले. त्याने तोंड उघडलंसुद्धा; तेवढ्यात कुणीतरी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

पानं लावायचं काम इद्रीसभाईंच्या बायकोकडे होतं. बिल्कीस एका भारतीय शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. मुखपृष्ठावर जुन्या, पिवळ्या, फाटक्या कडांच्या एखाद्या पानाची छबी हवी अशी शैलेशशेठची आज्ञा होती, म्हणून दत्तप्रसादने वहीच तिच्या हवाली केली आणि दिसायला चांगलं असेल ते पान निवड म्हणून सांगितलं. वहीकडे तो तोवर निव्वळ शोभेची वस्तू म्हणून बघू लागला होता. बिल्कीसला वाचता येतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बिल्कीसने शाळेच्या स्कॅनरवर वहीचं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं उतरवून घेतलं. रुकय्या ही तिची नानी. नानीला घोडे चांगले समजायचे, एवढंच तिच्या कानावर होतं. एकोणीस घरांनी आपापले विजय कळवले होते. जे घर छप्पन साली खरोखर जिंकलं होतं त्याने काहीच कळवलं नव्हतं, कारण तिथल्या बाईने ते कुणाला सांगितलंच नव्हतं. दत्तप्रसाद प्रुफं बघायला घरी आला तेव्हा तिने चहा दिला, स्क्रीनवर ते पान आणलं आणि नुसतं विचारलं.

“दत्ताभाऊ, छप्पन साली उधाण होतं?”

संदर्भांत थोडी तफावत आहे, असं दत्तप्रसाद म्हणाला. तिने मान हलवली. ‘शर्यत’मधला रफार चुकून पुढच्या अक्षरावर गेला होता, तो तिने त्याच वाक्यात दुरुस्त केला आणि पान पुढे सरकवलं. दत्तप्रसादने गरम चहा एका घोटात संपवला.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी खैरानला समुद्रकाठचा एक शॅले, म्हणजे सुट्टीचा बंगला, भाड्याने घेऊन प्रकाशन झालं. दीडशे माणसं बसने आली. पुस्तक गुळगुळीत होतं. पहिल्या अकरा पानांवर पदाधिकारी, नंतर शुभेच्छा, नंतर जाहिराती, मग इतिहास. कासमचाचाला सत्कारासाठी बोलावलं होतं; त्याला शाल आणि नारळ मिळाला आणि तो पहिल्या रांगेत बसून पुस्तक वाचू लागला. एकेका ओळीवर बोट ठेवून, सावकाश. व्यासपीठावरून दीडशे माणसांसमोर भाषण चाललेलं असताना एक माणूस ते पुस्तक खरंच वाचतोय, हे दत्तप्रसादला सहन होईना.

शैलेशशेठ उठले. या पुस्तकाचं खरं घर कुठे असेल, असा त्यांनी सवाल केला आणि स्वतःच उत्तर दिलं. आडबंदरच्या पुळणीवर ते आणि त्यांचे भागीदार रिसॉर्ट बांधत होते. त्याचं नाव ‘शर्यत’. स्वागतकक्षात पुस्तक काचेखाली ठेवणार, भिंतीवर घोड्यांची चित्रं. पंचांचा जुना दगडी ओटा मध्ये येत होता. तिथे आता गाड्यांचं पार्किंग झालेलं होतं. टाळ्या पडल्या. दत्तप्रसादनेही वाजवल्या आणि त्या वाजत असतानाच त्याच्या लक्षात आलं की आपण वर्षभर खपून एका हॉटेलचं माहितीपत्रक लिहिलंय. ओट्याबद्दल त्याने अडीच पानं लिहिली होती. ‘आजही उभा’ असं.

जेवणाच्या रांगेत कासमचाचा त्याच्याजवळ आला. पुस्तक छप्पन सालावर उघडलेलं होतं.

“त्या दिवशी सकाळी ओहोटी व्हती. मी तिथंच व्हतो, सोळा वर्सांचा. तुझा आजा हितं उभा, नि मी हितं.” त्याने हाताने अंतर दाखवलं. “वही दे माझी.”

वही बिल्कीसच्या पिशवीत होती. तिने ती रुमालात बांधून आणली होती, जणू मागणी येणार हे तिला ठाऊक होतं. कासमने ती घेतली. शाल त्याने घडी करून खुर्चीवर ठेवली. नारळ मात्र नेला. खायची वस्तू टाकायची नाही, एवढाच त्याचा हिशेब. त्याच उन्हाळ्यात तबेल्याच्या मालकाने घोडे विकून मोटारी घेतल्या, कासमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढला नाही आणि तो पैलबंदरला परत गेला.

चार वर्षं पुस्तकाबद्दल कुणी काही बोललं नाही. कारण ते कुणी वाचलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या आजोबांचं पान काढून पाहिलं होतं, आणि त्यानंतर सालमियातल्या कितीतरी घरांत त्याच्यावर टेलिफोन ठेवला जाई.

२००६ च्या उन्हाळ्यात बिल्कीसने वही इंटरनेटवर टाकली. कासमला फोन करून आधी विचारलं होतं. एकेक पान, खाली स्वच्छ टाइप केलेला मजकूर, त्याखाली इंग्रजी. स्वतःचं काही लिहिलं नाही, फक्त छप्पन सालाखाली एक ओळ: ‘रुकय्या ही माझी नानी.’ पुण्याच्या एका प्राध्यापकाने पत्र लिहिलं. न्यूझीलंडमधल्या एका निवृत्त गृहस्थाने लिहिलं. त्याच्या जिल्ह्यातल्या दुडकीच्या शर्यतींची जुनी मैदानं आणि त्यांचे क्लब नाहीसे होत होते, एकावर तर फर्निचरचं दुकान झालं होतं, आणि तो एकटाच त्यांचे नकाशे नि निकाल गोळा करत हिंडत होता. घोड्यांच्या वेळा इतक्या नेटक्या नोंदलेल्या त्याने कुठे पाहिल्या नव्हत्या. चांदणीची उंची किती होती, असं त्याने विचारलं होतं.

परदेशी माणसाने कौतुक केलंय म्हटल्यावर मंडळाने ताबडतोब श्रेय घ्यायचं ठरवलं. ठराव लिहून तयार झाला. मग कुणीतरी संकेतस्थळ वाचलं.

शैलेशशेठनी इद्रीसभाईंना बोलावून बायकोला आवरा म्हणून सांगितलं. इद्रीसभाई म्हणाले की सतरा वर्षं तोच प्रयत्न चालू आहे, तुमच्याकडे काही उपाय असला तर सांगा. श्रेयाचा ठराव फाडून निषेधाचा लिहिण्यात आला. वही बनावट असल्याचं दाखवणारं सविस्तर खंडन संपादकांनी लिहावं, असं ठरलं. तारीख दिली.

दत्तप्रसाद बसला. खंडन चार पानी झालं आणि भाषेच्या दृष्टीने त्याने लिहिलेल्या सगळ्यांत ते उत्तम होतं. ‘कालौघात शंकास्पद ठरणाऱ्या दस्तऐवजांची चिकित्सा’ असं त्याचं शीर्षक. सुचित्राने ते उभ्याउभ्या वाचलं. पाच वर्षांपूर्वी ‘अक्षर लागत नाही’ म्हणून मिटलेली वही तिने आता कॉम्प्युटरवर स्वच्छ अक्षरात पाहिली होती.

“अहो,” ती म्हणाली, “घोडा वगैरे राहू दे. त्या दिवशी समुद्राला उधाण होतं का नव्हतं, एवढंच सांगा.”

त्याने सांगितलं नाही. पण खंडनही पाठवलं नाही. त्याऐवजी त्याने, स्वतःच्या मते मोठं धाडस करून, बिल्कीसच्या संकेतस्थळावर ‘एक इतिहासप्रेमी’ या नावाने लिहिलं: ‘सन १९५६ मधील उधाणाविषयीचे विधान निराधार असून ते संपादकांच्या अनवधानाने छापले गेले असावे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.’ आणि सत्य सांगितल्याच्या समाधानात तो फिरायला गेला.

परत येतो तो खाली उत्तर होतं. ‘दत्ताभाऊ, कुवेतमध्ये नम्रपणे नमूद तुम्ही एकटेच करता. अनवधानाने नव्हतं. नाव घालून लिहा, मी पानाच्या वर लावते.’

नऊ दिवस लागले. इतका वेळ त्याला अख्खं पुस्तक संपादित करायला लागला नव्हता, कारण आता वाक्यातून एकेक विशेषण काढून टाकायचं होतं आणि ते काढलं की खाली आजोबा उघडे पडत होते. गावी फोटोसमोर आई रोज उदबत्ती लावायची. तिला कोण सांगणार, आणि कोणीतरी सांगणारच, हेही त्याला ठाऊक होतं. एका संध्याकाळी दवाखान्यातून आलेल्या सुचित्राला त्याने चहा करून दिला, कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पाठवायच्या आधी वाचायला लावलं. ‘१९५६ साली उधाण नव्हतं. रुकय्या पहिली आली. माझ्या आजोबांनी ते नाकारलं आणि मी ते लपवलं. दत्तप्रसाद, संपादक.’ सुचित्राने वाचलं, एक घोट घेतला आणि बटण तिनेच दाबलं.

मंडळाने त्याला काढलं नाही. काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्याला सल्लागार केलं. सल्लागारांना सभेला बोलवायची पद्धत नव्हती. ‘शर्यत’ रिसॉर्ट पुढच्या हिवाळ्यात सुरू झालं आणि चांगलं चाललं. शैलेशशेठच्या आजोबांचं मोठं तैलचित्र लागलं. त्यात राजा चारी पाय हवेत टाकून चौखूर उधळलेला होता. चित्रकाराला नियम कुणी सांगितला नव्हता.

आईचा फोन आला. रागावली नाही. तुझ्या आज्जीला माहीत होतं, एवढं म्हणाली आणि नारळांचा हिशेब सांगू लागली. फोटो तिने काढला की ठेवला, हे त्याने विचारलं नाही.

कासमचाचाला फोन करायला त्याने आणखी दोन महिने घेतले. म्हाताऱ्याला बिल्कीसने सगळं छापून पाठवलेलं होतं.

“लिवलंस ते बरं केलंस,” कासम म्हणाला. “उशीर केलास.” मग त्याने कामाचं काढलं. रिसॉर्टवाल्यांनी पाहुण्यांना पुळणीवर फिरवायला एक टांगा ठेवला होता. घोडा बरा होता, पण साज भिकार, मुंबईहून कुठूनतरी आणलेला. पट्टा काचून घोड्याच्या खांद्याला जखम झाली होती. ते बघवेना म्हणून तो स्वतःच नवा शिवून देत होता. शैलेशशेठसाठी नव्हे, घोड्यासाठी. इकडे मेणाचा दोरा चांगला मिळत नाही. तिकडून धाडशील का?

दत्तप्रसाद पुढच्या शुक्रवारी जुन्या बाजारात गेला. चामड्याच्या सामानाचं दुकान शोधायला तासभर लागला. दुकानदाराने विचारलं, किती जाड, किती पदरी, काळा की पांढरा, खोगिराला हवा की लगामाला. घोड्यांच्या साजावर ज्याने सात पानी प्रकरण लिहिलं होतं, तो माणूस यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देऊ शकला नाही. त्याने दुकानाच्या पायरीवर बसून पैलबंदरला फोन लावला. कासमचाचा तिकडून सावकाश सांगू लागला, आणि दत्तप्रसाद खिशातली पावती पालथी करून गुडघ्यावर धरून, जसं सांगितलं तसं लिहून घेऊ लागला.